दुपारी मरणारी माणसं

मी पहिल्यांदा मेले ती सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर, मे महिन्यात, भर दुपारी. अंगावर घरात नेसायची हिरवी साडी होती, समोर प्लास्टिकच्या कागदावर साबुदाण्याच्या पापड्या घातलेल्या होत्या आणि हातात पळी होती.

"पापड्या घालता घालता तुम्ही थांबता," डायरेक्टरांनी सांगून ठेवलं होतं. "पडायचं नाही, किंचाळायचं नाही, छातीवर हात ठेवायचा नाही. नुसतं थांबायचं. आतून कोणीतरी हाक मारल्यासारखं. मग हळूच आडवं व्हायचं."

"आणि डोळे मिटायचे ना?"

"अजिबात नाही. मेलेल्याचे डोळे दुसऱ्यांनी मिटायचे असतात."

गच्ची तव्यासारखी तापली होती. मी जिथे आडवी होणार तिथे त्यांनी ओली गोणपाटं घालून वर आमचीच जुनी सतरंजी पसरली होती. मी आडवी झाले. डोळे अर्धे उघडे. कॅमेऱ्याची चावी फिरवल्याचा आवाज आला आणि मग ती घरघर. तेवढ्यात टाकीवरचा एक कावळा खाली उतरला. पापड्यांकडे न जाता तो माझ्या हाताशी आला. मान वाकडी करून माझ्या डोळ्यात बघत राहिला. मला हलता येत नव्हतं. कॅमेऱ्यामागून "हलू नका, हलू नका" असं पुटपुटणं ऐकू येत होतं. मग कावळा उडाला, घरघर थांबली आणि डायरेक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "झालं. या परत."

'कट' हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. त्यांच्या सिनेमात मेलेल्या प्रत्येकाला ते 'या परत' म्हणायचे आणि तो उठून बसेपर्यंत त्याच्याकडे रोखून बघत राहायचे. खात्री करून घ्यावी तसे.

तो सिनेमा पुढे त्यांच्या खोलीत पाहिला, तेव्हा माझ्या सासूबाईही बरोबर होत्या. पडद्यावर मी मरते, मग उठते, उरलेल्या पापड्या घालते, खाली येऊन कूलरमध्ये पाणी भरते, पोरांचे कपडे घडी करते. घरातली माणसं माझ्या अंगावरून हवेतून जावं तशी येत-जात राहतात. एवढाच सिनेमा. आवाज नाही, गाणं नाही. घरी येऊन सासूबाई कुलूप उघडताना म्हणाल्या, "कावळा न शिवता गेला, बघितलंस? म्हणजे काहीतरी राहिलंय तिचं." 'तुझं' म्हणाल्या नाहीत, 'तिचं' म्हणाल्या. मला ते बरेच दिवस खटकत राहिलं.

डायरेक्टर हे नाव त्यांना ऑफिसनं दिलेलं. मी नोकरीला होते त्या मंत्रालयात डायरेक्टर म्हणजे बडा अधिकारी; स्वतंत्र खोली, दाराबाहेर शिपाई. हे आमच्याच सेक्शनमध्ये असिस्टंट, पंख्याचा वारा न पोचणाऱ्या कोपऱ्यात बसणारे. कोणीतरी चेष्टेनं "आइए डायरेक्टर साहब" म्हटलं आणि ते कायमचं चिकटलं. मूळचे साताऱ्याकडचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की मराठी बोलताना मध्येच 'बिल्कुल' आणि 'मतलब' यायचं. लग्न केलेलं नव्हतं. उंच, थोडे पोक काढून चालणारे, बारा महिने काळी छत्री. पायात रबरी तळाच्या चपला, त्यामुळे येताना चाहूल लागायची नाही. आमच्या घरी आले की बेल वाजवत नसत. जाळीच्या दारापलीकडे उभे राहत. स्वयंपाकघरातून बाहेर यावं तर जाळीआड एक लांब काळी आकृती. माझ्या हातून एकदा दुधाचं पातेलं त्यामुळेच पडलं.

"अहो, बेल तरी वाजवायची," मी म्हणाले.

"दुपारी बेल वाजवू नये, वहिनी," ते म्हणाले. "दुपारी घराचा कान उघडा असतो."

भुतांबद्दल त्यांची ठाम मतं होती. भूत रात्री येतं ही त्यांच्या मते सिनेमावाल्यांनी पसरवलेली अफवा. "रात्री सगळे घरी असतात. त्यानं गर्दीत कशाला यायचं? भूत येतं दुपारी. पुरुषमाणसं ऑफिसात, पोरं शाळेत, बाई एकटी पडलेली, पडदे ओढलेले, कूलर गुणगुणतोय. ते आपल्या घरात हिंडून जातं, तुम्हाला वाटतं, वाऱ्यानं पडदा हलला." हे ऐकलं की माझ्या रविवारच्या दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं. पण मला खरं कारणही माहीत होतं. दिव्यांचा खर्च त्यांना झेपत नव्हता. दिल्लीचं मे महिन्यातलं ऊन फुकट होतं. ऑफिसात मे महिन्यात रजा कोणी मागत नसे, सगळ्यांना डोंगरात जायला जून हवा असे; डायरेक्टरांना ती हवी तेवढी मिळायची.

कॅमेरा चावीचा, कुठल्याशा दूतावासातला माणूस देश सोडून जाताना सामान विकत होता त्यात मिळालेला. फिल्म मुदत टळून गेलेली, ओळखीतून जमवलेली. तिच्यामुळे त्यांच्या सिनेमातलं ऊन हिरवट दिसायचं, पाण्याखाली पडलेल्या उन्हासारखं. लोकांना वाटे, मुद्दाम केलंय. नट म्हणजे आम्हीच, ओळखीपाळखीचे. माणूस भेटला की आधी त्याचा चेहरा बघायचे, मेल्यावर कसा दिसेल ते. आवडला तर सांगून टाकायचे. आमच्या अंडर सेक्रेटरींना त्यांनी फाइलवर सही घेता घेता अत्यंत आदरानं सांगितलं होतं, "सर, आपका चेहरा मरने के लिए बहुत अच्छा है." साहेब हसले नाहीत. त्यानंतर फाइल घेऊन मलाच पाठवलं जाऊ लागलं.

त्यांचे सिनेमे कुठल्याच थिएटरात लागले नाहीत. एकदा आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात, 'आपल्यातलाच कलाकार' म्हणून, आरतीनंतर त्यांचा एक सिनेमा दाखवला. त्यात एक बाई देवघरातच मरते आणि पुढे रोज पूजा करत राहते. प्रसादाची ताटं हातात धरून बायका एकेक करून उठून गेल्या. सेक्रेटरी शेवटी म्हणाले, "छान आहे, छान आहे. पुढच्या वर्षी काहीतरी विनोदी बसवा." नंतर व्हिडिओ आला, तेव्हा कोणीतरी पडद्यावरूनच त्यांच्या दोन सिनेमांची कॅसेट करून घेतली. ती कॅसेटवरून कॅसेट होत युनिव्हर्सिटीच्या होस्टेलांत फिरली. नाव नाही, गाव नाही. शोधत शोधत एक दाढीवाला विद्यार्थी ऑफिसात आला. डायरेक्टर समोर उभे राहिल्यावर तो चाचरत म्हणाला, "सर, हम लोग तो समझते थे कि आप गुज़र चुके हैं." डायरेक्टर दिवसभर खुशीत होते. त्यांना एवढी मोठी दाद आजवर कोणी दिली नव्हती.

ते राहायचे लाजपत नगरमध्ये एका घराच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या एकुलत्या खोलीत. खाली घरमालक. फाळणीनंतर इकडे आलेलं पंजाबी कुटुंब. म्हातारे बाऊजी, त्यांची बायको बीजी, मुलगा आणि सून. मधल्या अंगणात एक कडुनिंब, त्याच्याखाली बाऊजींची सुतळी विणलेली खाट. सिनेमा तयार झाला की डायरेक्टर वर खिडक्यांना रजया ठोकून दुपारीच अंधार करायचे आणि चादरीवर तो दाखवायचे. आम्ही आत घामानं निथळत बसायचो. बीजी मोठ्या भांड्यातून ताक पाठवायच्या.

बाऊजी हे डायरेक्टरांचे सर्वांत लाडके नट. बहुतेक सिनेमांत ते मरायचे. आम्हाला शिकवावं लागे, त्यांना नाही. आडवे झाले की चेहऱ्यावरून एकदम सगळं पुसलं जायचं, बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असं. एकदा मी विचारलं, "बाऊजी, हे तुम्हाला कसं जमतं?"

ते सहज म्हणाले, "बेटी, मुझे आता है. एक बार पूरा दिन किया है."

मला कळलं नाही. नंतर बीजींनी अंगणात वाटाणे सोलता सोलता सांगितलं. सत्तेचाळीस साली इकडे येताना त्यांची गाडी वाटेत अडवली गेली. डब्यात जे झालं त्यानंतर बाऊजी प्रेतांमध्ये प्रेत होऊन पडून राहिले. दिवस मावळेपर्यंत. माणसं अधूनमधून डब्यात येऊन हलणारं कोणी राहिलंय का बघत होती. बाऊजींच्या डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तो पाय हलू न देणं एवढंच एक काम त्यांनी दिवसभर केलं.

"तब से वो पैर रुका नहीं," बीजी म्हणाल्या. "लेटते ही हिलने लगता है. नींद में भी."

हे खरं होतं. चेहरा मेलेला, हात मेलेले आणि डावं पाऊल मात्र हळूहळू हलत असायचं, झोळीतल्या पोराला झोका द्यावा तसं. डायरेक्टर त्यांच्या पायावर चादर टाकायचे किंवा कमरेच्या वरचंच चित्र घ्यायचे. त्यांना ते सलायचं. "एकदा, फक्त एकदा बाऊजींचा पूर्ण माणूस स्थिर मिळाला पाहिजे," असं मला म्हणाले होते.

तो दिवसही मे महिन्यातलाच. लू, दिल्लीचा तो भाजून काढणारा वारा, सुटली होती, कडुनिंबाची पानं अंगणभर घासत फिरत होती. मी हातात थर्माकोलचा तक्ता धरून बाऊजींच्या चेहऱ्यावर ऊन परतवत होते. बीजी आत स्वयंपाकघरात. मुलगा ऑफिसला, सून माहेरी. बाऊजी खाटेवर आडवे झाले. या खेपेला पायावर चादर नव्हती. डायरेक्टरांनी सबंध खाट चित्रात घेतली होती.

चावी फिरली. घरघर सुरू झाली. बाऊजींचा चेहरा पुसला गेला, नेहमीसारखा. पाऊल हलत होतं.

"बाऊजी, पैर," डायरेक्टर हळूच म्हणाले.

पाऊल हलतच राहिलं. डायरेक्टरांनी कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. मग पाऊल सावकाश झालं. आणखी सावकाश. आणि थांबलं.

"शाबाश," डायरेक्टर कुजबुजले. "शाबाश, बाऊजी."

चावी संपेपर्यंत त्यांनी ते चित्र घेतलं. मग घाईघाईनं, हा योग निसटू नये म्हणून, पुन्हा चावी देऊन कॅमेरा जवळ नेला आणि चेहरा घेतला. मी ऊन नेमकं त्या चेहऱ्यावर धरलं होतं. पापणीवर एक पान येऊन पडलं, ते तसंच राहिलं. मला वाटलं, काय नट आहे हा माणूस.

"झालं," डायरेक्टर म्हणाले. "आ जाइए, बाऊजी."

लू तेवढी वाहत होती.

"आ जाइए," ते पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. मी थर्माकोल खाली टाकला. त्याचा पांढरा उजेड बाऊजींच्या चेहऱ्यावरून सरकून भिंतीवर गेला आणि तिथून नाहीसा झाला.

गल्लीतले डॉक्टर आले. हृदय बंद पडलं म्हणाले, जुनंच दुखणं होतं, कुठेही असते तरी झालं असतं. पण मुलाला हे कोण सांगणार? त्यानं जिन्यात डायरेक्टरांना गाठलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त भयंकर वाटलं. "आप इतने साल मेरे बाप को मारते रहे," तो म्हणाला. "आखिर वो मर ही गए. कमरा खाली कर दीजिए. और वो रील मेरे सामने जला दीजिए."

डायरेक्टरांनी मान हलवली. वर गेले, रिळाचा गोल पत्र्याचा डबा घेऊन खाली आले. तेवढ्यात बीजी आल्या. त्यांनी डबा डायरेक्टरांच्या हातून काढून घेतला, पदराखाली धरला आणि मुलाला म्हणाल्या, "वो ऊपर ही रहेगा. और ये मेरे पास रहेगी." डबा त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, रजयांच्या खाली गेला. न धुतलेलं, म्हणजे डेव्हलप न केलेलं रीळ, आत काय आहे ते कोणी न पाहिलेलं.

डायरेक्टरांनी माणसांचे सिनेमे काढणं बंद केलं. ऑफिसात माझ्याकडे बघायचे, पण चेहरा बघायचे नाहीत. कॅमेरा कपाटात गेला. मला वाटलं, संपलं.

मग नव्वदच्या आसपास एकदा म्हणाले, "वहिनी, पानिपतला येता?" आपण दिल्लीतली मराठी माणसं पानिपतला एकदा तरी जातोच, हात जोडून येतो. मला वाटलं, तेच. पण त्यांनी आम्हाला, म्हणजे मला आणि आमच्या ह्यांना, नेलं ते गावाबाहेरच्या एका गोदामात. तिथे परदेशातून जुने कपडे येतात, गाठोड्यांनी. ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. आत छतापर्यंत कपड्यांचे डोंगर होते. रंगावारी. लाल डोंगर, काळा डोंगर, मातकट डोंगर. बाया डोंगराच्या पायथ्याशी बसून विळीवर बटणं आणि चेनी काढत होत्या. कोटांच्या बाह्या खाली लोंबत होत्या, एकमेकींत गुंतलेल्या. कोणाच्या छातीवर कोणाचे हात होते.

मी एका बाईला विचारलं, "इतने अच्छे कोट लोग फेंक क्यों देते हैं?"

तिनं विळीवरून मान वर केली नाही. "फेंकते कहाँ हैं जी. मरे हुओं के हैं. घरवाले दे देते हैं."

डायरेक्टर दिवसभर ते डोंगर टिपत राहिले. सिनेमात एकही माणूस नाही. बायांचे फक्त हात दिसतात. वरून एखादा कोट घसरत घसरत खाली येतो आणि पायथ्याशी अंग टाकतो. युद्धाचा एक शब्द नाही. पण मराठी माणसाला त्यात पानिपतची लढाईच दिसते. आमचे हे परतताना बसमध्ये म्हणाले, "मी शाळेत हे एवढं शिकलो, पण बघितलं आज." डायरेक्टरांना मी विचारलं, आता पुन्हा सुरुवात करणार का? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कपड्यांचं बरं असतं वहिनी. त्यांच्यात मरायचं कोणी राहिलेलं नसतं."

तो सिनेमा त्यांचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला. तो दाढीवाला विद्यार्थी आता कुठल्याशा कॉलेजात शिकवत होता. त्यानं तो बऱ्याच ठिकाणी दाखवला. बीजींनीही पाहिला, वर बरसातीत, रजया ठोकून. संपल्यावर त्या खाली गेल्या आणि ट्रंकेतला डबा घेऊन वर आल्या.

"इसको धुलवा लाओ," त्या म्हणाल्या.

"बीजी, रहने दीजिए," डायरेक्टर म्हणाले. मी त्यांना कोणाची विनवणी करताना तेवढंच पाहिलं.

"मैं रसोई में थी," बीजी म्हणाल्या. "तुम दोनों ने देखा. मैंने नहीं देखा."

डायरेक्टरांनी डबा घेतला.

तसलं रीळ धुतलं की तेच पडद्यावर चालवायचं, त्याला दुसरी प्रत नसते. इतकी वर्षं ट्रंकेत राहून ते पुसट झालं होतं. पडद्यावर सगळं धुक्यात दिसत होतं. कडुनिंब, खाट, खाटेवर पांढरं काहीतरी. मग डोळे सरावले आणि बाऊजी दिसले. पाऊल हलत होतं. सावकाश झालं. थांबलं.

"यहाँ," बीजी म्हणाल्या.

डायरेक्टरांनी रीळ मागे घेऊन पुन्हा दाखवलं. पुन्हा तिथेच बीजी म्हणाल्या, "यहाँ." आवाज अगदी शांत होता, देवळात घंटा वाजवावी तशा म्हणाल्या. मग अंधारातच विचारलं, "उस वक्त तुम कुछ बोल रहे थे?"

चित्राला आवाज नव्हता. ते 'शाबाश' जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. डायरेक्टर नाही म्हणाले असते, तर मीही नाहीच म्हटलं असतं.

"मैंने शाबाश कहा था, बीजी," ते म्हणाले. "मुझे लगा, उन्होंने पैर रोक लिया."

डायरेक्टरांनी प्रोजेक्टरचा दिवा विझवला. मग बीजी म्हणाल्या, "रोक ही तो लिया."

तेव्हापासून दर वर्षी त्या तिथीला, दुपारी, बीजी वर यायच्या आणि ते रीळ बघायच्या. मीही जायची. आमची बदली झाली नाही, पुढे निवृत्त होऊन आम्ही नोएडाला आलो, तरी मी जायची. बीजी दर वर्षी 'यहाँ' म्हणायच्या. मग त्यांना कमी दिसू लागलं, मग कमी ऐकू येऊ लागलं. सून सांगायची, अलीकडे नावं विसरतात. मला त्या कधी सुनेच्या नावानं हाक मारायच्या, कधी फाळणीआधीच्या, लायलपूरच्या कुठल्या मैत्रिणीच्या.

माझ्या एक लक्षात येऊ लागलं होतं. रीळ छोटं होत चाललं होतं. आधी जवळून घेतलेला चेहरा गेला, पापणीवरचं पान गेलं. मग पाऊल थांबल्यानंतरचा भाग कमी कमी होत गेला. जुनं रीळ तुटतं, पुन्हा जोडताना थोडं कापावं लागतं, हे मला माहीत होतं. पण तुटायचं ते नेमकं तिथेच कसं? एका वर्षी मी जरा लवकर पोचले. डायरेक्टर खिडकीशी बसले होते. डोळ्याला भिंग लावलेलं आणि हातात बारकी कात्री.

त्यांनी लपवलं नाही. "दर वर्षी थोडं थोडं काढतो," ते म्हणाले. "एकदम काढलं असतं तर त्यांना कळलं असतं."

"का पण?"

"मी आयुष्यभर माणसं मरताना दाखवली वहिनी, आणि सगळ्यांना उठवून बसवलं. हा एकच माणूस राहिला." कात्रीनं त्यांनी नखाएवढा तुकडा कापला, उजेडात धरून पाहिला आणि जवळच्या वाटीत टाकला. "आज शेवटचं आहे. आता थांबत नाही ते पाऊल."

मला ते बरं वाटलं नाही. पण काय बरं नाही, ते सांगता येत नव्हतं आणि बीजी जिन्यात आल्या होत्या, सुनेच्या हाताला धरून.

रजया ठोकलेल्या होत्या. चादरीवर धुकं आलं, धुक्यात खाट आली. बाऊजी आडवे होते. पाऊल हलत होतं. आम्ही चौघं त्या पावलाकडे बघत होतो. हलतंय, हलतंय आणि मग पडदा नुसता पांढरा झाला.

बीजी 'यहाँ' म्हणाल्या नाहीत. पांढऱ्या चादरीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला पहिल्यांदा त्या तरुणपणी कशा दिसत असतील ते कळलं.

"आज तो गए ही नहीं," त्या म्हणाल्या आणि सुनेची वाट न बघता, कठड्याला धरून, भरभर खाली उतरल्या.

डायरेक्टर हसले. मी त्यांना हसताना फारसं पाहिलं नव्हतं. आम्ही रजया काढल्या, प्रोजेक्टर डब्यात घातला. तेवढ्यात सून पुन्हा वर आली.

"अंकल जी, ज़रा नीचे आइए," ती म्हणाली. "माँजी ने दो थालियाँ लगाई हैं."

आम्ही खाली गेलो. लू थांबली होती, कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. अंगणात बीजी पाटावर बसल्या होत्या. समोर दोन ताटं, त्यांतल्या एकावर झाकण म्हणून आणखी एक ताट उपडं घातलेलं. बाजूला तीच खाट, तिच्यावर धुतलेली चादर आणि उशी. खाट रिकामी होती. बीजी हातातल्या विणलेल्या पंख्यानं, माश्या बसू नयेत म्हणून, तिच्यावर वारा घालत होत्या. पंखा उशीपासून सावकाश खाली यायचा आणि पायथ्याशी जरा रेंगाळायचा.

डायरेक्टर पुढे झाले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. बहुतेक खरं तेच सांगणार होते. खाली येताना उचललेली तुकड्यांची वाटी त्यांच्या हातात होती.

बीजींनी पंख्याचा हात न थांबवता दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"आवाज़ मत करना," त्या कुजबुजल्या. "अभी-अभी आँख लगी है."

डायरेक्टर खाटेकडे बघत उभे राहिले. बराच वेळ, खाटेच्या त्या पायथ्याकडेच. मग ते खाली वाकले, रबरी तळाच्या, मुळीच आवाज न करणाऱ्या त्या चपला पायातून काढल्या, हातात घेतल्या आणि अनवाणी, तापलेल्या फरशीवरून, एकेक पाऊल जपून टाकत जिन्याकडे गेले. मीही माझ्या चपला काढल्या.